राणीसाहेबांचा डबा आणि जुन्या गाडीची पारख

चाकांवरचं घर जुनं घ्यायचं असेल, तर आधी खाली वाकावं, मग शिडी लावून वर चढावं आणि आत सगळ्यात शेवटी शिरावं. म्हैसूरच्या अशोकपुरम वर्कशॉपमध्ये रेल्वेचे डबे उघडण्यात आणि पुन्हा बांधण्यात माझी सगळी नोकरी गेली. डबा तपासणीला आला की आमचा हाच क्रम असे: आधी तळ, मग छत, मग आतला भाग. बाजारात लोक नेमकं उलटं करतात. आधी पलंगावर बसून बघतात, पडदा सारून बघतात, फ्रीज उघडतात, आणि व्यवहार ठरला की मग कोणीतरी विचारतं, चासी कशी आहे?

पुण्याचा माझा भाचा गेल्या वर्षी असाच एका कॅराव्हॅनच्या प्रेमात पडला. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, आत दोन पलंग, ओटा, संडास-बाथरूम, एसी. "मामा, आत एकदम पंचतारांकित आहे हो, आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी!" मी म्हटलं, "पैसे द्यायच्या आधी दोन दिवस म्हैसूरला ये. तुला सव्वाशे वर्षांचं चाकांवरचं घर दाखवतो. ते बघ, आणि मग तुझी गाडी बघू."

ते घर के.आर.एस. रोडवर, सीएफटीआरआयच्या समोर, रेल्वे संग्रहालयात उभं आहे. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 चं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1979 साली, म्हैसूरचं हे संग्रहालय झालं. मुलं इंजिनांवर चढतात, आईवडील फोटो काढतात, आणि श्रीरंग मंडपातल्या राजघराण्याच्या डब्यांपाशी बहुतेक लोक खिडकीतून एकदा डोकावून पुढे सरकतात. महाराणींचं सलून 1899 सालचं. त्याला स्वतःचं स्वयंपाकघर आहे, जेवणाची जागा आहे, स्नानगृह आहे. मला विचाराल तर म्हैसूरच्या राजवाड्याइतकाच वेळ या डब्यांना द्यायला हवा, कारण राजवाडा एका जागी उभा राहिला आणि या डब्यांना तोच थाट रुळांवरच्या हादऱ्यांत सांभाळावा लागला.

1899 हे साल म्हैसूरसाठी साधं नव्हतं. महाराज दहावे चामराजेंद्र वडेयर 1894 च्या डिसेंबरात कलकत्त्यात वारले. युवराज कृष्णराज अवघ्या दहा वर्षांचे. त्यांच्या आई, महाराणी केंपनंजम्मण्णी, ज्यांना वाणीविलास सन्निधान म्हणत, त्या राजप्रतिनिधी झाल्या आणि 1902 पर्यंत राज्याची सूत्रं त्यांच्याकडे राहिली. 1897 साली राजकन्येच्या लग्नाच्या धामधुमीत जुना लाकडी राजवाडा जळाला. हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाकडे नव्या राजवाड्याचं काम दिलं गेलं. ते 1912 पर्यंत चाललं आणि खर्च 41 लाखांच्या वर गेला. मधली वर्षं राजघराणं जगनमोहन राजवाड्यात राहिलं. म्हणजे महाराणींचं हे फिरतं घर तयार झालं, तेव्हा त्यांचं स्थिर घर पायाच्या दगडांतच होतं. दिवाण शेषाद्री अय्यर होते. हिरियूरजवळ वेदावती नदीवर धरणाचं काम सुरू झालेलं होतं. त्याला महाराणींचं नाव मिळालं, वाणीविलाससागर. प्लेगने म्हैसूर-बेंगळुरूत थैमान घातलं होतं. अशा काळात राज्याची सूत्रं हाती असलेल्या विधवा महाराणीला प्रवास करायचा, तर पडदा हवा, सोवळ्याओवळ्याचा स्वतंत्र स्वयंपाक हवा, स्नानाची सोय हवी. त्या डब्यातलं स्वयंपाकघर बघताना लोकांना चैन दिसते. मला त्यात गरज दिसते. वाटेतल्या स्टेशनवर त्यांच्यासाठी यातलं काहीही मिळणार नव्हतं.

आपल्याकडे फिरत्या घराची रीत काही रेल्वेबरोबर आली नाही. मराठ्यांच्या फौजा डेरे, राहुट्या आणि कनाती घेऊन हिंडल्या. सरदारांचे कुटुंबकबिले मेण्यांतून आणि रथांतून बरोबर असत. म्हैसुरात तर तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या काळात हत्ती जुंपलेली प्रचंड गाडी होती. रेल्वेने फरक केला तो एवढाच, की घर उतरवून पुन्हा उभं करायची गरज संपली. पण त्याबरोबर एक नवी अट आली: घराच्या चाकांमधलं अंतर आणि रुळांमधलं अंतर जुळलं पाहिजे.

ही अट आमच्या घराण्याच्या कथेतही आहे, म्हणून जरा सांगतो. 1876-78 च्या मोठ्या दुष्काळानंतर म्हैसूर संस्थानाने हाती घेतलेली बेंगळुरू-म्हैसूर लाईन 1882 साली पूर्ण झाली. ती मीटरगेज. पुढे 1886 साली ती चालवायला दिली सदर्न मराठा रेल्वेकडे. या कंपनीचं नाव मराठा, मुख्यालय धारवाड, वर्कशॉप हुबळीचं 1885 पासूनचं, आणि रूळ पुण्यापासून मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी, हरिहर, अरसीकेरे करत बेंगळुरूपर्यंत. सगळे मीटरगेज. कोल्हापूर संस्थानाने 1891 साली मिरजेपर्यंत आपली लाईन टाकली, तीही याच मापाची. आमचे आजोबा मिरजेचे. हुबळीच्या वर्कशॉपात सुतार म्हणून लागले आणि आमचं कुटुंब रुळांच्या मागोमाग दक्षिणेकडे सरकत म्हैसुरात आलं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कारखान्यात अवजारांची इंग्रजी नावं. अशी मराठी घरं या मार्गावर गावोगाव आहेत.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. म्हैसूरचा डबा बेंगळुरूला पोचला की तिथून मद्रासकडे ब्रॉडगेज, रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर. मीटरगेजचा डबा तिथे अडलाच. पण त्याच डब्याची चाकं न बदलता मिरजेला, पुण्याला, कोल्हापूरला जाता येत होतं. राजा कितीही मोठा असो, त्याच्या फिरत्या घराची हद्द रुळांच्या मापाने ठरत होती. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी 1870 साली खांडवा-इंदूर लाईनसाठी इंग्रज सरकारला एक कोटीचं कर्ज दिलं. बडोद्याच्या गायकवाडांनी डभोईला 1862 साली अरुंद गेजवर बैलांनी ओढायची गाडी सुरू केली होती. संस्थानिकांनी रुळांवर पैसा ओतला, त्यामागे व्यापार होता, दुष्काळात धान्य पोचवण्याची निकड होती, आणि आपला डबा आपल्या रुळांवरून जावा ही हौसही होती. गायकवाडांचं 1886 सालचं सलून आणि म्हैसूरच्या महाराजांचं 1899 चं सलून आज दिल्लीच्या संग्रहालयात आहेत. एक मराठी घराण्याचं, एक कन्नड घराण्याचं. सुतारकामाची भाषा दोघांची एकच.

ते सुतारकाम काय होतं, हे सांगायला मला मनापासून आवडतं. त्या काळचा डबा म्हणजे खाली पोलादी चौकट, तिच्या दोन लांब तुळया म्हणजे सोल बार, टोकांना हेडस्टॉक, आणि त्यावर सागवानाचा सांगाडा. सांगाड्याला सागाच्याच फळ्या, सांध्यांवर पट्ट्या. ब्रह्मदेशचा आणि आमच्या पश्चिम घाटातला साग यासाठी सोन्यासारखा मानला जाई, कारण त्यात तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही आणि हादऱ्याने तो फुटत नाही. छत लाकडी पट्ट्यांचं, त्यावर ताणून बसवलेलं जाड कापड, आणि त्या कापडावर सफेद्याचे थरावर थर. पाणी छतातल्या टाक्यांत. खाली पाट्यांच्या स्प्रिंगा आणि धुऱ्यांच्या टोकांना तेलाच्या पेट्या. पुढे वीज आली, तेव्हा धुऱ्यावरून पट्टा लावून डायनामो फिरवायचा आणि तळाशी टांगलेल्या शिशाच्या बॅटऱ्या भरायच्या. 1899 साली म्हैसूर शहरात वीज नव्हती. बेंगळुरूच्या रस्त्यांवरसुद्धा दिवे 1905 साली लागले. जुन्या डब्यांतली विजेची कामं अशी पिढ्यापिढ्यांनी जोडत नेलेली असतात. वायरिंग बघून आम्ही सांगत असू की या डब्याला किती हात लागले आहेत.

डबा मरतो तो दोन ठिकाणी. छताची शिवण उघडली की पाणी सागाच्या सांध्यांत उतरतं, फळी बाहेरून चकचकीत राहते आणि आतून भुसा होते. आणि संडासाखाली, दाराच्या उंबऱ्याखाली, जिथे रोज पाणी सांडतं, तिथे सोल बार गंजतो. पोलादी डबे आले तरी ही जागा बदलली नाही. आमच्याकडे डबा पीओएचला, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला आला की अनुभवी माणूस हातोडी घेऊन संडासाच्या कोपऱ्याखाली जायचा. ठोका खणखणीत आला तर पुढे. बद्द आला तर खडूची खूण. आतला गालिचा कसा आहे, गादीला कापड कोणतं, हे ट्रिमर, म्हणजे गाद्या-गालिच्यांचे कारागीर, बघत आणि ते चार दिवसांत नवं करून देत. सोल बार कापून नवा घालायचा तर डबा महिनोन्‌महिने खितपत पडे. किंमत कुठे आहे आणि झगमगाट कुठे आहे, हे त्या खडूच्या खुणांनी मला शिकवलं.

राजेशाही डबे चालवणं हा दारात हत्ती बांधण्याचा प्रकार होता. वर्षातले थोडे दिवस ते धावत, बाकीचे दिवस शेडमध्ये. पण शेडमध्ये माणूस असे. रोज खिडक्या उघडून हवा खेळवणारा, पितळ घासणारा, छतावर चढून शिवण बघणारा. संस्थानांचं विलीनीकरण झालं, 1950 साली संस्थानी रेल्वे केंद्राकडे गेल्या आणि 14 एप्रिल 1951 ला म्हैसूर स्टेट रेल्वे, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे आणि साऊथ इंडियन रेल्वे एकत्र होऊन दक्षिण रेल्वे झाली. मालक बदलला. तनखे उरले होते. म्हैसूरचा तनखा 26 लाखांचा, देशातल्या सर्वात मोठ्यांपैकी एक. 1971 च्या घटनादुरुस्तीने तेही संपले. देशभर संस्थानिकांच्या मोटारी, बग्ग्या, झुंबरं विक्रीला निघाली. आलिशान वस्तू स्वस्तात मिळण्याचा तो काळ. ज्यांनी घेतल्या, त्यांतल्या कितींच्या अंगणात त्या पत्र्याखाली गंजून गेल्या, हे जुन्या गावांत फिरलं की दिसतं. घेणं परवडलं, सांभाळणं परवडलं नाही.

महाराणींचं सलून वाचलं, कारण ते रेल्वेच्या हद्दीत राहिलं. तिथे सुतार होते, रंगारी होते, सफेदा होता आणि छताखाली उभं करायला जागा होती. त्याच्या आजच्या रूपाचं श्रेय मी 1899 च्या कारागिरांना जेवढं देतो, तेवढंच पुढच्या ऐंशी वर्षांत त्याच्या छतावर चढलेल्या अनाम माणसांना देतो.

जुन्या आलिशान डब्यांचा व्यवहार म्हणून सर्वात मोठा प्रयोग राजस्थानात झाला. 26 जानेवारी 1982 ला 'पॅलेस ऑन व्हील्स' सुरू झाली, ती खरोखरच संस्थानिकांची जुनी सलूनं एकत्र जोडून. कल्पना सुंदर होती आणि परदेशी पाहुणे त्यावर फिदा झाले. पण वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वर्कशॉपांत बांधलेले लाकडी डबे रोजच्या धावपळीला लावले की प्रत्येकाचं दुखणं वेगळं निघतं. सुटा भाग मिळत नाही. तो घडवावा लागतो. दहाच वर्षांत, 1991 साली, नवे वातानुकूलित डबे आले आणि अस्सल डबे बाजूला झाले. मग रूळ ब्रॉडगेज झाले, तेव्हा 1995 साली ब्रॉडगेजची गाडी आली. मोकळे झालेले मीटरगेजचे डबे गुजरातच्या 'रॉयल ओरिएंट'ला मिळाले. ही गाडी म्हणजे शब्दशः दुसऱ्या हातची चैन. डबे चांगले होते, पण त्यांच्या मापाचे रूळच एकेक करून उखडले जात होते. 2007 साली ती बंद पडली. गाडी धडधाकट आणि तिला चालायला वाट नाही, हे जुनी गाडी घेणाऱ्याने मनावर कोरून ठेवावं असं उदाहरण आहे.

पुढच्या गाड्यांनी नवेच डबे घेतले. महाराष्ट्राची 'डेक्कन ओडिसी' 2004 ची. कर्नाटकाची 'गोल्डन चॅरिअट' 2008 ची. तिचं उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झालं, डब्यांना कदंब, होयसळ, राष्ट्रकूट, चालुक्य अशी राजवंशांची नावं आहेत आणि म्हैसूर हा तिचा महत्त्वाचा मुक्काम. सामान्य माणसाला खरं रेल्वे सलून भाड्याने मिळायला 2018 साल उजाडलं. अधिकाऱ्यांच्या तपासणी दौऱ्यांसाठीचे डबे आयआरसीटीसीने पर्यटकांना खुले केले: दोन शयनगृहं, प्रत्येकाला स्नानगृह, बसायची खोली, स्वयंपाकघर. पहिलं सलून जुन्या दिल्लीहून कटऱ्याला गेलं. महाराणींच्या डब्यातल्या सोयींची यादी आणि ही यादी शेजारी ठेवून बघा. 119 वर्षांत फिरत्या घराच्या गरजा जवळपास तशाच राहिल्या आहेत.

रस्त्यावरच्या घराची गोष्ट आपल्या पुण्यापाशी येते. बजाज टेम्पो ही फिरोदियांची कंपनी 1958 ची. तिची मॅटॅडोर महाराष्ट्राच्या गावागावांत दूध, भाजी, वऱ्हाड सगळं वाहत होती. 1987 साली जर्मन मर्सिडीजच्या व्हॅनच्या आराखड्यावर टेम्पो ट्रॅव्हलर आली. कंपनीचं नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण लोक गाडीला टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. आज आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या बाजारात दिसणाऱ्या कॅराव्हॅनांमध्ये हिच्यावर बांधलेल्या भरपूर. अमेरिकेतल्या मोठमोठ्या मोटरहोमची छायाचित्रं बघून कोणी ती जुनी आणायचं मनात आणत असेल, तर नाद सोडावा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावं, अशी अट आहे. कर्नाटकाच्या 2020 च्या पर्यटन धोरणात कॅराव्हॅनला जागा मिळाली, महाराष्ट्राने 2021 साली स्वतंत्र कॅराव्हॅन धोरण आणलं. त्यातून गाड्या वाढल्या, आणि आता त्यातल्या पहिल्या खेपेच्या गाड्या विक्रीला येत आहेत.

भाच्याला मी संग्रहालयात नेलं आणि सलूनच्या आत डोकावू दिलं नाही. आधी तळाशी वाकायला लावलं. सोल बार कुठून कुठे जातो, पाटे कसे बसले आहेत, संडासाची जागा वरून कुठे आणि खालून कुठे येते, हे दाखवलं. मग छताची गोलाई आणि पाणी ओघळायची वाट. त्याने विचारलं, "मामा, माझ्या गाडीत लाकूड नाहीच ना?" मी म्हटलं, "पाणी तर आहे!"

दुसऱ्या दिवशी बेंगळुरूच्या वाटेवर एका विक्रेत्याकडे उभी असलेली दुसरी एक कॅराव्हॅन आम्ही बघायला गेलो. बाहेरून रंग ताजा. असा ताजा रंग दिसला की मी बोटांनी पत्रा चाचपत जातो. चाकाच्या कमानीवर लांबी भरून घासलेली होती. ठोकलं तर बद्द. बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय दाबला तर जमीन खाली बसली. वरून कीर्तन, आतून तमाशा. विक्रेता एसी किती गार करतो ते दाखवत होता. भाचा तोवर गुडघ्यांवर बसून टॉर्चने तळ बघत होता, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. कॅराव्हॅन फार धावत नाही, म्हणून टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. आमच्या डब्यांच्या टोकाच्या भिंतीवर वर्कशॉपचं नाव, पीओएचची तारीख आणि परत यायची तारीख रंगवलेली असते. डब्याचं वय त्याच्या नंबरातच कळतं. मोटारीच्या बाबतीत हे सगळं खरेदीदाराने स्वतः शोधून काढायचं असतं.

वजनाकडे कोणी बघतच नाही. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. दीडशे अँपिअर-अवरची शिशाची एक बॅटरी पन्नासेक किलो, आणि अशा दोन असतात. वर प्लायवूडचं फर्निचर, गॅस, जनरेटर, माणसं. मूळ गाडीचं एकूण वजन किती चालतं हे आरसीवर लिहिलेलं असतं. भरलेल्या टाक्यांसह गाडी काट्यावर नेऊन तोलून घ्यावी. कुठल्याही साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या गावात वजनकाटा मिळतो. पाटे वाकलेले दिसले तर मागचा मालक ते करत नव्हता, हे समजावं.

आणि कागद. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला परिवहन कार्यालयाची मान्यता लागते आणि तो बदल आरसीवर चढावा लागतो. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेलं एआयएस-124 हे मानक मोटर कॅराव्हॅनसाठीच आहे. आरसीवर प्रवासी गाडी लिहिलेली आणि आत पलंग-ओटा ठोकलेला, अशी गाडी स्वस्त का मिळते ते उघड आहे: अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. कर्नाटकातली गाडी महाराष्ट्रात कायमची न्यायची तर ना हरकत दाखला, नव्याने कर, नवा नंबर. बारा-तेरा वर्षांच्या गाडीची किंमत सांगताना विक्रेता हे धरत नाही. 'रॉयल ओरिएंट'च्या डब्यांचे रूळ उखडले गेले. जुन्या डिझेल गाडीची वाट दिल्ली परिसरात दहा वर्षांनी बंद करण्याचे आदेश निघाले. उद्या इतर शहरांत काय होईल, याचा विचार करूनच किती जुनी घ्यायची ते ठरवावं.

भाच्याने पुण्यातली ती पंचतारांकित गाडी सोडली. चार महिन्यांनी एका निवृत्त डॉक्टरांची गाडी घेतली. आतलं सगळं साधं, पडदे विटलेले, गाद्या बसलेल्या, एसी नाहीच. पण डॉक्टरांनी एक वही दिली. तेल कधी बदललं, पाटे कधी उतरवले, छताच्या शिवणीला दर पावसाळ्याआधी सीलंट लावल्याच्या तारखा, टाकी कधी धुतली, सगळं त्यांच्या अक्षरात. मी फोनवर त्याला सांगितलं, "त्या वहीचे वेगळे पैसे मागितले असते तरी द्यायचे होते." गाद्या आणि पडदे त्याने महिन्याभरात नवे करून घेतले.

जुनी कॅराव्हॅन घेणाऱ्या प्रत्येकाला माझी हीच विनंती आहे. गाडी घेतली त्या दिवशी एक वही आणा आणि पहिल्या पानावर तळाची, छताची, टाकीची स्थिती तारखेसह लिहा. पुढे जे जे काम कराल, ते त्यात चढवा, आणि गाडी विकाल तेव्हा वही पुढच्या मालकाच्या हातात द्या. म्हैसूरला आलात, तर राणीसाहेबांचा डबा जरूर बघा. आधी खालून बघा.